एकच गाडी, तीन हप्ते

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत चहा आला तेव्हा जामनेरच्या आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई एक कागद हातात धरून बसल्या होत्या. त्यांच्या मोटारीच्या विम्याची मुदत चार दिवसांत संपणार होती. विमा कंपनीकडून नूतनीकरणाचे पत्र आले होते आणि त्यात हप्ता होता ११,२२७ रुपये. मागच्या वर्षी याच कंपनीला त्यांनी ६,९१९ रुपये भरले होते.

“गाडी वर्षाने जुनी झाली, तिची किंमत कमी झाली, तीन वर्षांत एक ओरखडा नाही. मग विमा वाढला कसा?” बाईंचा प्रश्न सरळ होता.

गणिताच्या सरांनी तेवढ्यात मोबाईलवर बाईंच्या गाडीचा क्रमांक घालून दुसऱ्या एका कंपनीचा भाव काढला. तो निघाला ८,४३६ रुपये. बाईंच्या ओळखीच्या एजंटभाऊंनी फोनवर तिसऱ्याच कंपनीचा आकडा सांगितला, ११,११६ रुपये. गाडी तीच, मालकीण तीच, रस्ते तेच, आणि भाव तीन. कुणीतरी म्हणाले, “कापसासारखं आहे बाई, चार व्यापाऱ्यांना विचारायचं आणि घासाघीस करायची.”

पण ही तुलना पुरती बरोबर नाही. कापूस डोळ्यांसमोर असतो. त्याचा धागा हाताने ओढून पाहता येतो, वजन काट्यावर करता येते. विम्यात आपण जे विकत घेतो ते अजून घडलेलेच नसते आणि बहुधा घडणारही नसते. न घडलेल्या गोष्टीची किंमत ठरते तरी कशी? त्या दिवशी आम्ही बाईंचे तिन्ही कागद पुढे घेतले आणि ओळीओळीने वाचले. ते वाचन इथे मांडत आहोत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून काही किरकोळ कलमे आम्ही वगळली आहेत. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमाही यात धरलेला नाही, कारण तो बाईंनी वेगळा उतरवला आहे.

एका पावतीत दोन विमे

मोटारीचा विमा म्हणून आपण जी एक रक्कम भरतो तिच्यात मुळात दोन वेगळे विमे असतात. पहिला दुसऱ्यासाठी, दुसरा आपल्यासाठी.

आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू आला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई देण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती पेलण्यासाठी जो विमा असतो त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. करारातले दोन पक्ष म्हणजे आपण आणि कंपनी. रस्त्यावरचा माणूस तिसरा. हा विमा १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमाने सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली तर २०१९च्या दुरुस्तीनुसार पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड आहे. पण दंड ही लहान गोष्ट झाली. विमा नसताना अपघात झाला तर न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते, आणि मालकाची ऐपत नसेल तर जखमी माणसाच्या घरच्यांच्या हाती निकालाचा कागद तेवढा राहतो. सक्ती आहे ती त्या तिसऱ्या माणसासाठी.

सक्तीच्या वस्तूचा भाव विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडला तर गैरफायदा होईल. म्हणून थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते. पूर्वी हे काम विमा नियामक प्राधिकरणाकडे होते. २०२२पासून केंद्र सरकारचे रस्ते वाहतूक मंत्रालय प्राधिकरणाशी विचारविनिमय करून दर जाहीर करते. १ जून २०२२पासून खासगी मोटारींसाठी लागू झालेले वार्षिक दर असे : इंजिन १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. जामनेरची गाडी असो की मुंबईची, नवी असो की जुनी, कोणतीही कंपनी असो, हा आकडा एकच. तेव्हा तीन कागदांतला फरक या ओळीत असूच शकत नाही. बाईंची गाडी ११९७ सीसीची. तिन्ही कागदांवर आम्हाला ३,४१६ हाच आकडा सापडला.

फरक सगळा आहे तो दुसऱ्या भागात, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. हा ऐच्छिक आहे आणि त्याचा दर प्रत्येक कंपनी आपापला ठरवते.

चार पायऱ्यांचा हिशेब

स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता चार पायऱ्यांनी निघतो.

पहिली पायरी गाडीची विमाकिंमत. पॉलिसीवर हिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर कंपनी जास्तीत जास्त एवढी रक्कम देते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी पूर्ण गेली असे धरतात. त्या बनावटीच्या गाडीची कंपनीने जाहीर केलेली विक्री किंमत घेऊन तिच्यातून वयानुसार घसारा वजा करतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. त्यापुढे मालक आणि कंपनी मिळून किंमत ठरवतात. बाईंच्या गाडीची जाहीर किंमत ७,००,००० रुपये. तिला नुकतेच चौथे वर्ष लागले. म्हणून घसारा ४० टक्के आणि विमाकिंमत ४,२०,००० रुपये.

दुसरी पायरी दराची. २००२ साली देशभर लागू झालेल्या मोटार दरपत्रकात गाडीचे वय, इंजिनाचा आकार आणि विभाग यांवरून टक्केवारी दिली होती. विभाग दोन. ‘अ’ विभागात मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे; ‘ब’ विभागात उरलेला सारा देश. गाडीची नोंदणी कुठे झाली आहे त्यावरून विभाग ठरतो, ती कुठे फिरते त्यावरून नाही. पुण्याहून आमच्याकडे बदलून आलेल्या एका शिक्षकांची एमएच १२ गाडी वर्षभर वाघूर धरणाच्या पलीकडेही जात नाही, तरी ती ‘अ’ विभागातली. पाच वर्षांपर्यंतच्या, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला ‘अ’ विभागात ३.२८३ टक्के आणि ‘ब’ विभागात ३.१९१ टक्के असा दर होता. हे दरपत्रक आता बंधनकारक नाही, पण पुष्कळ ठिकाणी हिशेबाची सुरुवात अजून त्याच्यापासूनच होते. जळगावच्या एमएच १९ गाडीसाठी ४,२०,०००च्या ३.१९१ टक्के म्हणजे १३,४०२ रुपये.

तिसरी पायरी कंपनीच्या सवलतीची. १३,४०२ रुपयांवर कंपनी ३० टक्के सूट देईल, ५० देईल किंवा ६० देईल. हा आकडा तिच्या मनचा, आणि पत्रात तो बहुतेक वेळा अगदी बारीक अक्षरात असतो.

चौथी पायरी नो क्लेम बोनसची. भरपाई न मागता एक वर्ष गेले तर २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या भागावर मिळते, थर्ड पार्टीवर नाही.

या चार पायऱ्या झाल्या की थर्ड पार्टीची रक्कम मिळवायची आणि एकूण बेरजेवर १८ टक्के जीएसटी लावायचा.

६,९१९चे ११,२२७ कसे झाले

आता बाईंच्या प्रश्नाचे उत्तर काढता येते. मागच्या वर्षी विमाकिंमत ४,९०,००० होती. तिच्यावर ३.१९१ टक्के म्हणजे १५,६३६ रुपये. कंपनीची सवलत ५० टक्के आणि बोनस २५ टक्के गेल्यावर उरले ५,८६३ रुपये. कर धरून ६,९१९. यात थर्ड पार्टीची ओळच नव्हती!

याचे कारण २०१८ सालात आहे. रस्त्यावरच्या असंख्य गाड्या बिनविम्याच्या धावतात हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, आणि १ सप्टेंबर २०१८पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा व नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागू लागला. बाईंनी गाडी घेतली तेव्हाच ती रक्कम भरली होती. गाडीच्या एकूण किमतीत ती केव्हा मिसळून गेली ते त्यांच्या लक्षातही राहिले नव्हते. त्यामुळे पुढच्या दोन नूतनीकरणांत त्यांनी फक्त स्वतःच्या गाडीचा भाग भरला. आता तीन वर्षे संपली आणि थर्ड पार्टी पुन्हा पावतीवर आली.

पायरीपायरीने पाहू. विमाकिंमत उतरली आणि बोनस २५वरून ३५ टक्के झाला, त्यामुळे करासह १,७७९ रुपये कमी झाले. ६,९१९वरून आकडा ५,१४० वर आला. म्हणजे हप्ता घटायला हवा हा बाईंचा तर्क अगदी बरोबर होता. त्यात थर्ड पार्टीचे करासह ४,०३१ रुपये मिळाले, झाले ९,१७१. इथपर्यंत सगळे नियमाप्रमाणे. पण पत्रात आकडा होता ११,२२७. उरलेले २,०५६ रुपये कुठून आले? कंपनीने आपली सवलत ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणली होती. पत्रात त्याचे कारण नव्हते.

थोडक्यात, वाढीचा मोठा भाग कायद्याने आला होता आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नव्हता. लहान भाग कंपनीच्या मर्जीने आला होता आणि त्याबद्दल बोलायला जागा होती. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की माणूस एक तर सगळ्यावर रागावतो किंवा सगळे मुकाट्याने भरतो.

स्वस्त कागद खरोखर किती स्वस्त?

सरांच्या मोबाईलवरचा भाव होता ८,४३६. त्यात सवलत ५० टक्के होती, पण विमाकिंमत होती ३,६०,०००. संकेतस्थळावर किंमत खालीवर सरकवण्याची सोय होती आणि पहिल्यांदा दिसणारा आकडा खालचा होता. तिथे आम्ही ४,२०,००० घातले तेव्हा हप्ता झाला ९,१७१. म्हणजे विमाकिंमत साठ हजारांनी उतरवून वाचत होते फक्त ७३५ रुपये. गाडी चोरीला गेली तर ६०,००० रुपये कमी मिळणार. किरकोळ दुरुस्तीत हा फरक जाणवत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे लपून राहतो. तो दिसतो तेव्हा दुरुस्त करण्याची वेळ गेलेली असते.

एजंटभाऊंचा ११,११६चा कागद वरवर महाग वाटला. पण त्यात विमाकिंमत पूर्ण होती, सवलत ६० टक्के होती आणि २,५२० रुपयांची एक पुरवणी होती. तिला झीरो डेप म्हणतात. साध्या पॉलिसीत दुरुस्तीच्या वेळी बदललेल्या सुट्या भागांवर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर तो थेट ५० टक्के असतो. आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच, तेव्हा दहा हजारांच्या बंपरचे पाच हजार आपल्याच खिशातून जातात. पुरवणी घेतली तर हा घसारा कापत नाहीत.

म्हणजे तीन कागदांवर तीन भाव नव्हते, तीन वेगवेगळ्या वस्तू होत्या. ११,२२७ आणि ११,११६ हे आकडे शेजारशेजारचे दिसतात, पण दुसऱ्यात पहिल्यापेक्षा बरेच जास्त आहे. ८,४३६ सर्वांत कमी दिसतो, पण त्यात कमी मिळते. विज्ञानाच्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे आपण मुलांना पहिल्या दिवशी शिकवतो. इथेही तेच. विमाकिंमत आणि पुरवण्या सारख्या केल्याशिवाय भावांची तुलना होत नाही.

एकच दर होता तेव्हा

वस्तू सारख्या केल्यावरही सवलतीचा फरक उरतोच. कुणी ३० टक्के देतो, कुणी ६०. जुन्या शिक्षकांना आठवत असेल की हा प्रकार पूर्वी नव्हता. १ जानेवारी १९७३ रोजी सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. मोटारीचे दर एक वैधानिक दर सल्लागार समिती ठरवी. कोणत्याही कार्यालयात जा, भाव एकच. १९९९च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरणाला वैधानिक रूप आले, २०००पासून खासगी कंपन्या आल्या, तरीही काही वर्षे दरपत्रक बंधनकारक राहिले. १ जानेवारी २००७ रोजी स्वतःच्या गाडीच्या विम्याचे दर मोकळे झाले. थर्ड पार्टीचे मात्र बांधलेलेच ठेवले.

दर मोकळे झाले म्हणजे प्रत्येक कंपनीने स्वतः अंदाज करायचा. इथे गणित येते.

फाशांच्या दोन कंपन्या

हा प्रयोग आठवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गात करता येईल. साहित्य म्हणजे काही फासे. फासा टाकणे म्हणजे एका गाडीचे एक वर्ष. सहा पडले तर अपघात झाला आणि भरपाई ६०० रुपये. बाकी काहीही पडले तर वर्ष सुखरूप. सहा पडण्याची शक्यता एक षष्ठांश, म्हणून प्रत्येक गाडीमागे खरा खर्च सरासरी १०० रुपये. पण ही गोष्ट मुलांना सांगायची नाही. आपल्याला ती ठाऊक आहे, कंपनीला ठाऊक नसते.

मुलांच्या दोन कंपन्या करा. लहान कंपनीने फासा १२ वेळा टाकायचा, मोठीने १२० वेळा. प्रत्येकीने आपल्या अनुभवावरून प्रत्येक गाडीमागचा खर्च काढायचा. लहान कंपनीला अपेक्षित अपघात २, पण प्रत्यक्षात १ किंवा ३ सहज येतात. एक आला तर तिचा हप्ता निघेल ५० रुपये, तीन आले तर १५०. मोठीला अपेक्षित अपघात २०. तिच्याकडे १६ येतील किंवा २४ येतील, म्हणजे हप्ता ८० ते १२०च्या आसपास. फासे एकच, कुणी लबाडी केलेली नाही, तरी दोन कंपन्यांचे भाव वेगळे! प्रयोग पाच-सहा वेळा करून आलेख काढला तर मोठ्या कंपनीचे बिंदू १०० भोवती दाटीने बसलेले दिसतात आणि लहानीचे विखुरलेले.

प्रयत्न वाढले की सरासरी खऱ्या किमतीकडे सरकते, हा नियम याकोब बर्नुलीने सिद्ध केला. तो त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात आहे. विम्याचा सारा व्यवसाय या नियमावर उभा आहे. मात्र सरकण्याचा वेग मंद असतो. चूक निम्मी करायची तर अनुभव चौपट लागतो. आपल्या १२ आणि १२० फाशांत दहा पटींचे अंतर, पण चुकीत फरक तिपटीहून थोडाच अधिक.

आता विचार करा. एखाद्या कंपनीच्या जळगाव जिल्ह्यात, चौथ्या वर्षातल्या, त्याच बनावटीच्या गाड्या किती असतील? वर्ग जितका बारीक करावा तितके प्रत्येक वर्गातले फासे कमी होतात. ज्या कंपनीला गेल्या वर्षी या भागात योगायोगाने तीन मोठे अपघात पडले ती घाबरून सवलत कमी करते. जिला एकही पडला नाही ती वाढवते. वर्षभराने चित्र उलटेही होऊ शकते. तेव्हा दोन भाव वेगळे दिसले की त्यातला एक फसवणुकीचाच असतो असे नाही. दोन्हीही अंदाज असतात.

मग वर्ग करायचेच कशाला?

सगळ्यांना एकच हप्ता लावला तर हा गोंधळ संपेल, असे इतिहासाच्या सरांनी सुचवले. समजा, निम्मे लोक सांभाळून चालवणारे आहेत, त्यांचा खरा खर्च ५० रुपये. निम्मे बेफाम, त्यांचा १५०. एकच हप्ता १०० ठेवला. सांभाळून चालवणारा म्हणेल, मला हा सौदा महाग पडतो, आणि तो निघून जाईल. मग उरतात बेफाम, आणि हप्ता १५० करावा लागतो. माहिती लपलेली असली की चांगले गिऱ्हाईक बाजारातून निघून जाते, ही गोष्ट जॉर्ज अकेर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडली. २००१च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. वर्गवारी आणि नो क्लेम बोनस ही लपलेली माहिती बाहेर काढण्याची साधने आहेत.

एकच भाव टिकवायचा तर दोनच मार्ग. एक सक्तीचा, म्हणजे कुणालाही बाहेर जाऊ द्यायचे नाही. थर्ड पार्टी विमा तसा आहे. दुसरा, फरक तिसऱ्याने भरायचा. हा दुसरा मार्ग आपल्या खानदेशात घराघरात माहीत आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०१६पासून शेतकऱ्याचा हिस्सा ठरलेला आहे : खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून शेतकऱ्याने फक्त एक रुपया भरायचा अशी सोय केली होती. ती २०२५ साली बंद झाली. शेतकऱ्याला आकडा एकच दिसे, पण कंपनीचा खरा दर जिल्ह्याजिल्ह्यांत आणि पिकापिकांत वेगळाच होता. तो फरक सरकारी तिजोरी भरत होती. भाव एकसारखा दिसतो तेव्हा जोखीम एकसारखी झालेली नसते. फरक फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिलेला असतो.

जुना गिऱ्हाईक

तरीही बाईंच्या सवलतीतली घट नुसत्या अंदाजाने समजावता येत नाही. नवे गिऱ्हाईक ओढायला मोठी सूट द्यायची आणि जुने आता मुकाट्याने भरतेच आहे म्हणून दरवर्षी थोडी थोडी काढून घ्यायची, ही चाल जगभर ओळखीची आहे. तिच्यात जोखमीचा संबंध नसतो. संबंध असतो तो गिऱ्हाईक दुसरीकडे विचारायला जाईल की नाही याच्याशी. ब्रिटनमध्ये वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२पासून यावर बंधन घातले. मोटार आणि घराच्या विम्यात जुन्या गिऱ्हाइकाला नूतनीकरणाच्या वेळी, तेच गिऱ्हाईक नव्याने आले असते तर लागला असता त्याहून जास्त भाव लावता येत नाही.

बोनस कुणाचा?

बोलता बोलता विज्ञानाच्या सरांनी त्यांचे कोडे काढले. त्यांनी जळगावहून जुनी गाडी घेतली. आधीच्या मालकाला ५० टक्के बोनस होता, पण सरांना तो मिळाला नाही आणि त्यांच्या गाडीचा भाग दुप्पट झाला. यात चूक नाही. बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. आधीचा मालक तो आपल्या नव्या गाडीला घेऊन गेला. सरांना आम्ही दुसरीच गोष्ट विचारली : पॉलिसी नावावर केली का? कायद्याच्या १५७व्या कलमाने गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असे धरतात, पण स्वतःच्या गाडीचा भाग तसा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवावे लागते. सरांना गाडी घेऊन दोन महिने झाले होते. या दोन महिन्यांत गाडी मोडली असती तर छदामही मिळाला नसता. ते चहा अर्धा टाकून फोन करायला उठले.

बोनसबद्दल वर्गात देण्याजोगे एक उदाहरण. बाईंचा ३५ टक्के बोनस पुढच्या वर्षी ४५ होणार आहे. समजा, यंदा बंपर फुटला आणि ५,००० रुपये खर्च आला. मागावी का भरपाई? त्यातले पहिले हजार रुपये १५०० सीसीपर्यंतच्या गाडीच्या मालकालाच सोसावे लागतात आणि प्लास्टिकवर घसारा जातो. हाती फार तर दीड-दोन हजार येतील. उलट बोनस शून्यावर जाईल. सवलतीनंतरचा हप्ता ६,७०० रुपये स्थिर धरला तर पुढच्या पाच वर्षांत बोनसमधली घट ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, एकूण १२० टक्के. म्हणजे ८,०४० रुपये, कर वेगळा. विमाकिंमत दरवर्षी उतरते म्हणून खरा आकडा थोडा कमी येईल. किती कमी, ते मुलांना काढू द्यावे. विमा मोठ्या घावासाठी असतो, ओरखड्यासाठी नसतो, हे सांगण्यापेक्षा या बेरजेतून लवकर पटते.

शेवटचे चार दिवस

आणखी स्वस्त भाव मिळेल म्हणून बाई शेवटच्या दिवसापर्यंत थांबणार होत्या. ते मात्र आम्ही होऊ दिले नाही. मुदत संपली त्या मध्यरात्रीपासून गाडी बिनविम्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावच्या रस्त्यावर कुणी आडवे आले तर दोन हजारांच्या बचतीचा हिशेब कुणाला सांगायचा? शिवाय खंड पडला की गाडी तपासून घेतल्याशिवाय कंपनी स्वतःच्या गाडीचा विमा देत नाही, आणि नव्वद दिवस उलटले तर साठलेला बोनसही जातो.

बाईंनी एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखले : विमाकिंमत, सवलत, बोनस, पुरवण्या. तिन्ही भाव त्यात उतरवले. मग जुन्या कंपनीला फोन करून एकच प्रश्न विचारला, सवलत ५०वरून ३० का झाली? कारण कुणी सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवशी सुधारलेले पत्र आले. विमाकिंमत ४,२०,०००, सवलत ५० टक्के, हप्ता ९,१७१. मुदतीला दोन दिवस असताना त्यांनी तो भरला.

तो चार रकान्यांचा कागद आता शिक्षकखोलीतल्या फळ्याशेजारी लावला आहे. त्याच्याखाली सरांनी लाल शाईने पाचवा रकाना वाढवला आहे : ‘मुदत कधी संपते?’